डबा गरम आहे का

केबलचं टोक बोटाला आधी गार लागलं, मग गार लागेनासं झालं... प्रज्ञा ते अंगठ्यानं नुसतं घोळवत बसली होती. एक टोक गिटारच्या अँपच्या पाठीत खोचलेलं, हे दुसरं लोड बॉक्समध्ये जायचं. कोपऱ्यात स्पीकरची भलीथोरली पेटी, तिच्यावर आईनं चादर घातलेली, चादरीवर सुपात मिरच्या. अँप कशाला तरी जोडलेला हवा, तसाच मोकळा चालवला तर आतून जळतो — विकणाऱ्यानं बजावलं होतं. स्पीकर नको तर हा लोखंडी डबा जोडायचा. तो सगळा आवाज गिळतो आणि तापतो. आपल्या कानात हेडफोन, घर चिडीचूप.

घर चिडीचूपच हवं होतं. बाबांना झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, गोंगाट नको. दत्ताराम मास्तर — ज्यांच्या एका हाकेनं अख्खी शाळा गप्प व्हायची — त्यांची वाचा गेली, आणि ती मुंबईतलं सगळं टाकून रेवदंड्याला आली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. थोड्या दिवसांसाठी! आता अलिबागला नोकरी, रोजची तीच रिक्षा, वाटेवर तोच सुकटीचा वास, आणि सुट्टीच्या दुपारी हा डबा. सकाळी विनेशचा फोन आला होता, जुन्या बँडमधल्या ड्रमरचा. ‘‘शनिवारी शो आहे. येतेस का दुसरी कोणी बघू? संध्याकाळी फोन करतो, आता शेवटचं विचारतोय हां.’’ उत्तर तयारच होतं — बाबांना आवाज सहन होत नाही, सराव नाही, कशी येऊ? अडकलेय रे मी, बाबांपायी अडकलेय... आणि असं मनात आलं की तिला स्वतःचीच चीड यायची.

ऊन उतरल्यावर आई मिरच्या न्यायला आली. सूप उचलता उचलता म्हणाली, ‘‘आज न्हाय वाजवलंस?’’

‘‘तुला काय कळतं वाजवलं की नाही?’’

‘‘मला न्हाय गो. बाबांना. तू उठून गेलीस की येतात, त्या डब्यावर हात ठेवतात. गरम लागला की मान हलवतात, हसतात.’’

प्रज्ञाच्या हातातलं टोक निसटलं.

‘‘पण आवाज... डॉक्टर...’’

‘‘ते तेव्हाचं गो! आता शेजारी लग्नाचा डीजे लागतो तेव्हा खुर्ची अंगणात नेऊन बसतात.’’ आई दारात थांबली. ‘‘आमाला वाटलं, तुलाच ऐकवायचं न्हाय आमाला.’’

ती गेली. बाहेर कोंबड्या हाकलण्याचा तिचा आवाज आला, नेहमीसारखाच.

कोणीच अडवलं नव्हतं... मग इतके दिवस मी कोणाला घाबरून — छे! हेडफोनमध्ये बरं होतं, सूर चुकला तर चुकला, ऐकतंय कोण. बोटं जड झाली तर झाली, सांगतंय कोण. प्रज्ञानं चादर ओढून काढली, धूळ नाकात गेली. आठ ओहमचा अँप, आठ ओहमचीच पेटी, जोडी जुळत होती. केबल पेटीत खोचली, बटण दाबलं, अँपमधल्या काचेच्या नळ्या हळूहळू लालसर झाल्या. गिटार मांडीवर घेतली आणि दुसरं बटण दाबून अँप वाजता केला. पेटीतून बारीक घरघर येऊ लागली — एवढीशी, पण खोलीभर.

दाराशी काठी टेकल्याचा आवाज आला. बाबा पाय ओढत आत आले, सवयीनं डब्याकडे वळले आणि चांगला हात त्याच्यावर ठेवला. डबा गार होता. त्यांनी तळवा उलटासुलटा करून पुन्हा ठेवला, मग तिच्याकडे पाहिलं.

तिची बोटं तारांवर होती. हलत नव्हती. आवाज गिळायला आता मध्ये काहीच नव्हतं, आणि सूर चुकला तर तो बाबा ऐकणार होते.

फोन वाजला. विनेश. तिनं उचलला, आणि जिभेवर ते नेहमीचं वाक्य आलं — बाबांना आवाज...

बाबा डब्यावरचा हात न काढता तिच्याकडे बघत उभे होते.

‘‘हॅलो? प्रज्ञा? काय ठरलं?’’