काळी चिठ्ठी लागलेला फ्रिज

मी एक फ्रिज बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण वीज गेली आहे आणि माझ्या पोटात झेनाबाचं इन्सुलिन आहे.

मी परदेशी फौजेबरोबर जहाजाने आणि मग ट्रकने चाड देशातल्या या वाळूच्या गावात आलो. छावणीच्या दवाखान्यात मला भिंतीला टेकवलं आणि अकरा वर्षं मी तिथेच गुरगुरत राहिलो. सैनिक दर चार महिन्यांनी बदलायचे. कपडे धुणारी कलतुमा मात्र कायमची. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, झेनाबाला, साखरेचा आजार. दवाखान्याच्या सार्जंट मोरोंनी तिच्या औषधाच्या बाटल्या माझ्या खालच्या कप्प्यात ठेवू दिल्या होत्या. कामावर आली की कलतुमा आधी माझं दार उघडायची, बाटल्यांना हात लावून गार आहेत ना बघायची, मग धुण्याला बसायची.

एक दिवस हुकूम आला. फौज परत निघाली. सहा आठवड्यांत छावणी रिकामी करायची. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागली. हिरवी म्हणजे जहाजावर, पिवळी म्हणजे इथल्या सैन्याला, काळी म्हणजे मोडीत. मला काळी. औषधं ठेवलेली वस्तू बाहेर द्यायची नाही, असा नियम. अंगणात एक यंत्र खाटा चिरडत होतं. तो आवाज आला की माझे कप्पे थरथरायचे.

"साहेब, त्याला चिरडून तुम्हाला काय मिळणार?" कलतुमाने विचारलं.

"मला काही नाही. पण नियम आहे," मोरो म्हणाले. "उद्या सकाळी यादीवाले साहेब चिठ्ठ्या तपासायला येतील. माझ्या हातात काही नाही, कलतुमाबाई."

निघणाऱ्याचं सामान मळकं पाठवायचं नाही, ही इथल्या बायकांची रीत. शिवाय जिवाला घोर लागला की कलतुमाचे हात घासल्याशिवाय राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि मला साबणाने असं घासलं की चिठ्ठी सुटून पाण्याबरोबर मोरीत गेली.

तिच्याबरोबर धुणारी म्हातारी फान्ने हसली. "फौजेचा हुकूमसुद्धा धुऊन टाकलास गं."

"मावशी, हसू नकोस. मला पकडतील आता."

तेवढ्यात यादीवाले आलेच. "याची चिठ्ठी कुठाय?"

मोरोंनी ओल्या फरशीकडे पाहिलं, मग कलतुमाकडे. "नाही."

"चिठ्ठी नाही ते मी मोडू शकत नाही आणि चढवूही शकत नाही. मग हे इथे काय उभं आहे?"

"कुठे काय?" मोरो म्हणाले.

यादीवाल्यांनी यादीतली माझी ओळ खोडली आणि ते पुढच्या खोलीत गेले.

दुपारी मी गाढवाच्या गाडीवरून कलतुमाच्या घरी निघालो. मोरोंनी जाताना दोन महिन्यांच्या बाटल्या दिल्या. पण छावणीच्या जनरेटरला हिरवी चिठ्ठी होती. तो गेला. इथे वीज दिवसातून चारच तास, तीही लहरी. तेवढ्यात मी पाण्याच्या बाटल्यांचा बर्फ करतो आणि मग त्या बर्फावर दिवस ढकलतो. औषधाच्या पुढच्या बाटल्या कुठून आणायच्या, याचा विचार करत कलतुमा माझ्या अंगावर ओली गोणी टाकते.

आज ऊन फार आहे. बर्फ अर्धा झाला. झेनाबा पुन्हा माझ्या दाराशी आली आहे.

"लांब हो तिथून," कलतुमा ओरडते.

"फक्त नाक आत घालते, आई."

नको गं पोरी. आतला गारवा तुझाच आहे, पण आत्ता घेऊ नकोस.