‘नॉट’ लिहिलेला पुठ्ठा

मी ‘नॉट’ बोलतोय. तसा मी साधा पुठ्ठाच, द्राक्षाच्या पेटीचा. पेटी जोडताना माझा कोपरा दबला आणि मला बाजूला फेकलं, नाहीतर भावंडांबरोबर मीही परदेशातल्या एखाद्या दुकानात जाऊन बसलो असतो. माझ्या वाट्याला इंदापूर तालुकाच आला. सणसरच्या पुढं उसाच्या रानांमधून आत वळलं की दादासाहेबांचं पॅकहाऊस लागतं. निर्यातीची द्राक्षं तिथं पेट्यांत भरतात. माझं सगळं आयुष्य तिथंच गेलं.

मला कापलं राजेश्वरी मॅडमनी. त्या पणदऱ्याच्या. बारामतीत नवशिक्यांना इंग्रजी शिकवतात. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा तपासनीस येणार होता आणि तो थेट कामावरच्या बायकांशी बोलणार होता, म्हणून दादासाहेबांनी मॅडमना महिन्यासाठी बोलावलं. "आमच्या बायका चार वाक्यं इंग्रजीत बोलल्या पायजेत. छाप पडली पायजे," ते म्हणाले. मॅडम बिचाऱ्या हरखून गेल्या. बायकांनी बोलावं असं कुणाला तरी वाटतंय, एवढाच त्यांनी अर्थ घेतला.

त्यांची शिकवायची पद्धत मजेची होती. दहा-बारा पुठ्ठे कापले, प्रत्येकावर एकेक शब्द लिहिला आणि सुतळी ओवून बायकांच्या गळ्यात अडकवले. जेवणाच्या सुट्टीत बायका ओळीनं उभ्या राहिल्या की वाक्य तयार. ‘डू’ होता फरजानाच्या गळ्यात आणि मी कुशाबाईंच्या. प्रश्न विचारायचा झाला की फरजानानं पळत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभं राहायचं. "डू यू हॅव वॉटर?" नकार द्यायचा झाला की तिनं ओळीत आत शिरायचं आणि तिच्या पाठीमागं मला घेऊन कुशाबाईंनी. "वी डू नॉट हॅव वॉटर."

"आपल्यात ‘का’ शेवटाला निवांत येतंय, आन् हितं मला सगळ्यांच्या म्होरं पळाया लावलंय," फरजाना धापा टाकत म्हणायची. बायका हसून बेजार व्हायच्या. डबे तसेच उघडे राहायचे. ते वीस-पंचवीस दिवस मला फार आवडले, हे मी लपवत नाही.

कुशाबाई मात्र फारशा हसायच्या नाहीत. पन्नाशीची बाई, टोळीची मुकादमीण. त्यांचं सगळं लक्ष त्यांच्या सुनेकडं, सुप्रियाकडं असायचं. सुप्रियाचं काम कूलिंगच्या खोलीत, म्हणजे जिथं भरलेल्या पेट्या गार करतात तिथं. आत पाणी गोठेल इतकी थंडी. पोरगी साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून आठ-आठ तास पेट्या रचायची. डिसेंबरपासून तिचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडीत जायचं नाही, गेलं तर जाड जाकीट घालूनच. जाकिटं होती की! निळी, सहा, ऑफिसच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. ती तपासणीच्या दिवशी बाहेर निघायची. कुशाबाईंनी दोनदा मागितली, दोन्ही वेळा दादासाहेब गोड आवाजात "बघू" म्हणाले.

एका दुपारी कुशाबाईंनी मॅडमना गाठलं. "बाई, जाकिटाला विंग्रजीत काय म्हणत्यात?"

"जॅकेटच म्हणतात."

"मग तर जमंल मला."

त्या दिवसापासून ही बाई पेट्या मोजताना, भाकरी खाताना एकच वाक्य पुटपुटायची. "सर, वी डू नॉट गेट जॅकेट." मला छातीशी धरून म्हणायची. मला वाटायचं, आपला जन्म बहुतेक याच वाक्यासाठी झाला असावा. दबलेल्या कोपऱ्याच्या पुठ्ठ्यानं एवढं स्वतःला मोठं समजू नये, पण समजलो खरा.

दादासाहेबांनी ते एकदा दारातून ऐकलं. रागावले नाहीत. हा माणूस रागावतच नाही. "मॅडम, ‘नाही’ कशाला शिकवताय? ‘यस सर’ बास की," एवढं हसून बोलले आणि गेले.

तपासणीच्या दिवशी सकाळी वहिनीसाहेब गाडीतून उतरल्या. दादासाहेबांची पत्नी याआधी हंगामात कधी इकडं फिरकली नव्हती. बरोबर नारळ, खण, तांदूळ. सतरंजी अंथरली आणि एकेका बाईला हळदीकुंकू लावून ओटी भरली. फरजानाला ड्रेसपीस आणि बांगड्या दिल्या. "तुमी हायसा म्हणून आमचं घर हाय," म्हणाल्या आणि कुशाबाईंच्या पाया पडल्या. मी खिडकीच्या खिळ्याला टांगलेला होतो. पदरात नारळ पडला तसा कुशाबाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मग जाकिटं वाटली.

तपासनीस भला माणूस होता. कुशाबाईंपुढं थांबला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "डू यू गेट जॅकेट्स?" प्रश्न त्यांना बरोबर कळला. मॅडम कोपऱ्यात श्वास रोखून उभ्या होत्या. निळ्या जाकिटातली सुप्रिया तोंडावर हात धरून खोकला दाबत होती. वहिनीसाहेब कौतुकानं बघत होत्या.

"वी डू..." कुशाबाई म्हणाल्या. मी खिळ्यावर ताठ झालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पदरातल्या नारळाकडं.

"वी डू, सर."

"व्हेरी गुड," म्हणत त्यानं कागदावर खूण केली आणि पुढं गेला.

पाच वाजता जाकिटं परत कपाटात गेली. मॅडमनी हळूच विचारलं, "कुशाबाई, काय झालं हो? पाठ होतं ना?"

"पाठ व्हतं की. पण सकाळीच ओटी भरली त्यांनी, बाई. पाया पडल्या माज्या. तो नारळ पदरात आसताना त्यांच्याच दारात त्यांच्या इरुद्ध कसं बोलू?"

फरजाना नव्या बांगड्या मनगटावर नुसत्या फिरवत राहिली. सुप्रियाच म्हणाली, "जाऊ द्या आत्या. माजं काय आडलंय?" आणि वाकून खोकत राहिली. मॅडम पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं काम संपलं होतं.

मला वाटलं, आता मी रद्दीत जाणार. पण दुसऱ्या दिवशी कुशाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, दबलेला कोपरा कापून टाकला आणि सुप्रियाच्या शर्टाच्या आत छातीवर बसवून ओढणीनं आवळून बांधलं. पाठीवर आणखी एक पुठ्ठा. "पुठ्ठ्यानं वाईच ऊब ऱ्हाती. एवढंच हाय बघ माज्याकडं," म्हणाल्या. सुनेकडं बघायचं धाडस त्यांचं झालं नाही.

तर सध्या मी इथं आहे. माझ्यावरची अक्षरं आतल्या बाजूला आहेत, ती कुणाला दिसत नाहीत. थंडीतही पेट्या उचलून येणाऱ्या घामानं शाई उतरून पोरीचं ब्लाऊज काळं झालंय. तिचा प्रत्येक खोकला आधी माझ्यावर आपटतो. परवापासून त्याचा आवाज बदललाय आणि ती मधेच पेटीवर हात टेकून उभी राहते. मला ते सहन होत नाही.

लोकहो, माझं एवढंच मागणं आहे. कुठल्या बाईला तुम्हाला खरंच काही विचारायचं असेल, तर तिच्या मालकाच्या दारात विचारू नका. तिच्या घरी जा, उंबऱ्याच्या आत बसा, मग विचारा. हे सुप्रियाच्या कामी येईल असं मी म्हणत नाही. मी रोज ओला होतो, मधोमध घडी पडलीय, कडा सुटायला लागल्यात. फार तर आठ दिवस टिकेन. हंगाम संपायला अजून महिना आहे.