पानी मांगाचं नाई

या, बसा. चपला राहू द्या पायात, इथं कोन पुसते? अमरावतीचा गिला वडा, दह्या-चटनीतला, खाल्ला का कधी? नाई? मंग आयका, तुमाले गिल्या वड्याचीच गोष्ट सांगतो. पन तोंडाले पानी सुटन असं समजू नका.

अकोल्यात जठारपेठेत पुंजाजीचं भाजीचं दुकान होतं. बायको ललिता गल्ल्यावर, पुंजाजी तराजूवर. आवाज असा खनका, की "सांबाऽर, ताजा सांबार" म्हनून कोथिंबिरीची हाक मारली तं दुसऱ्या गल्लीतल्या बाया पिसवी घेऊन निघत. अन् गालात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा. मंग जिभेवर फोड आली, फोडीची गाठ झाली, तोंड उघडनं कमी कमी होत एका बोटावर आलं. डॉक्टर म्हने, जीभ काढा लागते, नागपूरले भरती व्हा.

निघाले तं गाडीतच पुंजाजी म्हने, "आज अमरावतीले उतरू. उद्या सकाळी नागपूर."

"कायले?"

"किसन्याचा वडा खातो. जीभ गेल्यावर का कानानं खाऊ?"

किसनरावची वड्याची गाडी अंबागेटजवळ, जुन्या परकोटाच्या भितीले लागून. लग्नाच्या आधी पुंजाजी त्या गाडीले सांबार अन् मिरच्या पुरवे. दोघाईचा एक खेळ होता. वड्यावर दही नाई, नुसती हिरव्या मिरचीची चटनी. अन् ज्याच्या तोंडून पहिले 'पानी' निघन, तो हारला. पुंजाजी कधीच हारला नाई. लोकं धंदा सोडून पाह्यले येत.

ललिता म्हने, "अवो, तुमाले दूध झोंबते, अन् वडा?"

"दह्यात कालवून गिळतो. पन त्याले काई सांगाचं नाई. किसन्या रडला तं घास उतरनार नाई मले. माह्या गळ्याची आन हाय तुले."

ऊन असं, की सारं गाव तोंडाले दुपट्टा बांधून. त्याच्या दुपट्ट्याकडे कोन पाहते? गेट तसंच होतं, भितीत पिंपळ रुजला होता तेवढाच. "इथं सायकल टेकवो मी," म्हनत त्यानं भितीच्या गोट्यावर हात ठेवला अन् चटका बसला तसा मांगं घेतला.

किसनरावनं पाह्यलं अन् झारा तसाच कढईत सोडला. "अबे पुंज्या! मले वाटलं मेला बे तू!"

"मेलो असतो तं तुह्या वड्यानंच."

दुपट्टा सोडाच लागला. "गाल काहून सुजला बे?"

"दाढ."

"या वयात अक्कलदाढ? लय उशीर केला लेका!"

ललिता घाईनं म्हने, "किसनभाऊ, दही टाका भल्लं, वडा बुडन इतकं."

"दही? याले?" किसनराव मोठ्यानं हासला. "वैनी, लोकं शेन मारतीन मले." अन् चायवाल्याले, फुलवालीले, साऱ्याईले हाक मारली, "या रे! आमचा पैलवान आला अकोल्याहून!"

लोकं जमली. दोन प्लेटा आल्या, वरून चटनीच चटनी. ललितानं नवऱ्याकडे पाह्यलं. त्यानं डोळ्यानंच नाई म्हटलं.

पुंजाजी वड्याचे बारके बारके तुकडे करे अन् दातातल्या फटीतून बोटानं आत लोटे. पहिल्या तुकड्यालेच त्याच्या पायाची बोटं चपलेत आखडली. ते ललितानं पाह्यलं, दुसऱ्या कोनी नाई. तिकडे किसनरावच्याई डोळ्यातून धारा.

फुलवाली म्हने, "पहा वो बाई, दोघंई लेकरावानी रडून राह्यले!" सारे हासले.

ललिताले राह्यवलं नाई. तिनं वडा चाखलाई नव्हता, पन वरडली, "पानी द्या! मले द्या पानी!"

"वैनी, तुमी खेळात नाई," म्हनत किसनरावनं हासत तिच्या हाती गिलास देला. तिनं तो नवऱ्यापुढं धरला. पुंजाजी परकोटाकडे पाहत राह्यला अन् पुढचा तुकडा लोटला.

शेवटी किसनरावचे कान लाल झाले. "पानी! हारलो बाप्पा!" म्हनत त्यानं ललिताच्या हातचाच गिलास ओढला अन् घटाघटा पेला. मंग पुंजाजीले कवेत घेतलं. "पुढच्या खेपेले नाई सोडत तुले!"

"येतो," पुंजाजी म्हने.

भितीच्या कोन्यामांगं गेला अन् वाकला. धुळीत रगत पडलं. ललितानं एका हातानं त्याचं कपाळ धरलं, दुसऱ्यानं शिशीतलं पानी ओतत राह्यली.

"काय भेटलं तुमाले? सांगा ना, काय भेटलं?"

त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मंग म्हने, "कसा हासला ना तो!"

नीट समजलं असं त्याचं हे शेवटचंच बोलनं. जीभ गेली. पन गाठ आतनं गळ्यापावतर गेली होती. पोळ्याच्या आधी पुंजाजी गेला.

ललिता आता एकटीच दुकानात बसते. हाक मारत नाई. किसनरावचा फोन येते, "वैनी, पुंज्याले द्या! हाराच्या भेवानं येत नाई काय?" ललिता म्हनते, "बजारात गेले." ज्या गळ्याची आन होती तो गळा जळला, आन तेवढी राह्यली.

तुमी अमरावतीले चालले ना? मंग अंबागेटले जासान तं किसनरावले यातलं काई सांगू नका. वडा खा, दही टाकून खा. अन् तिखट लागलं तं लाजू नका बाप्पा, पानी मांगून घेजा.