एका घटकेत घाट

माही सासू रुक्मिणीबाई राजुरात ओरडली तं वर बुलढाण्याच्या कचेरीत कारकून हातातला टाक खाली ठेवत. खोटं वाटते? वाटू द्या. मी त्या घरात अडीच वर्षं काढली, माह्या कानाले विचारा.

राजूर घाटाच्या पायथ्याशी अन् बुलढाणं माथ्यावर. तव्हा सी.पी. अँड बेरारचं राज होतं. सडक सरकारी होती, पण चढ देवानं रागाच्या भरात केला होता. असा उभा का उतरणाऱ्या बकरीचे शिंगं आधी खाली पोचत, बकरी मांगून ये. तुमचे आबा, उद्धव, वरच्या शाळेत मास्तर होते. नाव घेते मी, आता कायले लाजू? सोमवारी पायी चढून जात, हप्ताभर कोणाच्या ओसरीवर पडत, शनिवारी उतरत. मधातले दिवस मी सासूच्या तावडीत.

घागर अर्धी आणली तं "हातात जीव नाई काय वं?" भरून आणली तं "सांडत काऊन आणली?" शिंकली तं "कोणाच्या मरणावर टपून राह्यली?" एक दिवस मी काहीच केलं नाई, नुसती उभी राह्यली. तं म्हणे, "पाहा, खांबासारखी उभी हाय. खांब तरी छप्पर धरते."

मले एकच गोष्ट पाह्यजे होती. बुलढाण्यात एक खोली. दोघांची. सासूले हे समजलं अन् तिनं घर डोक्यावर घेतलं. "माहा पोरगा घरी जेवन अन् घरीच झोपन. खोली नाई नं बिली नाई!"

मंग आबांनी सायकल आणली. अन्वर मिस्त्रीनं तीन मोडक्या सायकली मारून एक जिवंत केलेली. वजन असं का भिंतीले टेकवली तं भिंत मांगं सरके. पण वेळेचं काय? सासरे, भगवानराव जोशी, नैवेद्य दाखवत नाई तोवर आमच्या घरी कोणाच्या ताटात शीत पडत नसे, अन् त्यांचा नैवेद्य दहाच्या आत कधी झाला नाई. अकराले शाळेची घंटा. जेवण, रस्ता, सारं वजा केलं तं घाटाले उरे एक घटका. घटका म्हणजे इंग्रजी घड्याळाचे चोवीस मिनिटं.

आबा सगळ्यांसमोर बोलले, "एका घटकेत, पाय न टेकवता, घाट चढलो तं रोज घरून जाईन. नाई जमलं तं खोली घेईन. माही कोणाशी शर्यत नाई. मी अन् घाट."

"मी अन् घाट" म्हणे. मधात मी होती ते दिसलं नाई त्यांले.

ते सरावाले लागले. घड्याळ नव्हतं, मास्तर होते, म्हणून चढता चढता पाढे म्हणत. त्यांचे दोन ते तीस पाढे एका दमात बरोबर एका घटकेत होत, शाळेत पोरांकडून म्हणवून घ्यायची सवय. पह्यल्या दिवशी सारे पाढे दोनदा झाले, तरी माथा आला नाई. दिवाळीले तीस होऊन पुन्हा एकोणीसवर आले. संक्रांतीले पुन्हा तेरावर. त्यांच्या मांड्या टणक होऊन राह्यल्या होत्या. मी रोज तुळशीले पाणी घाले अन् म्हणे, "बाई, माह्या नवऱ्याचा दम उखडू दे." अशी मागणी कोण्या बायकोनं केली असन?

एक दिवस मी बोललीच. "तुमी घाट जिंकले तं मी मेली."

"मंग हरू का?"

"मी तसं म्हणलं काय?"

"तसंच म्हणलं." सायकलच्या साखळीले तेल सोडता सोडता बोलले, मान वर नाई केली. "सुलभे, मी बोललो ते बोललो. खोटं हरणार नाई अन् खोटं जिंकणारही नाई."

असा माणूस. त्याच्यापेक्षा म्हैस बरी, काठीनं वळते तरी.

माघातला रविवार ठरला. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, घटिकापात्र काढलं. लग्नाचा मुहूर्त त्याच्यावरच काढत. घंगाळात पाणी भरायचं, त्यात तांब्याची पातळ वाटी सोडायची. वाटीच्या बुडाले केसाएवढं भोक. त्यातून पाणी वर येत येत वाटी भरते अन् बुडते. बुडली का एक घटका झाली. अन्वर मिस्त्रीपाशी खिशातलं घड्याळ होतं, तो म्हणेही, "जोशीबुवा, माहं घड्याळ घ्या ना." मामंजी म्हणे, "त्याले चावी द्या लागते. चावी विसरली का तुहा टाईम मेला. माही वाटी कधी मेली काय?"

आमी बायका छकड्यात बसून माथ्यावर गेलो. रस्ताभर सासूनं माह्याकडे पाठ केली होती. माथ्यावर बाभळीखाली घंगाळ मांडलं. वाटी पाण्यात सोडायच्या आधी तिची पूजा होते, सवाष्ण बाई हळदकुंकू वाहते. लग्नात चिमूटभर, काठाले. पण त्या दिवशी सासूच्या लेकाचा मुहूर्त होता! तिनं ओलं कुंकू कालवलं अन् वाटीले आतून-बाहेरून असं फासलं, असं फासलं, का वाटी लाजून लाल झाली वाटे. वरून म्हणे, "कोणाची नजर लागू नये." अन् पाह्यलं माह्याकडे.

खाली पायथ्याले अन्वरनं लाल फडकं हालवलं. आबा निघाले. मामंजींनी वाटी सोडली.

मी वाटीकडे पाहत बसली. वाटीत पाणी येईना. थेंब येई, थांबे. कुंकवानं भोक बुजलं होतं. म्या सासूकडे पाह्यलं, तिनंही वाटीकडे पाह्यलं. तिले समजलं. मले समजलं का तिले समजलं.

"आत्याबाई, भोक..."

"गप. बोललीस तं घाटाखाली लोटून देईन."

आबा वर आले तव्हा डोळे बाहेर, जीभ बाहेर, अन् कानातून वाफ निघून राह्यली होती. तिच्यावर चहा झाला असता. सायकलीवरून पडलेच. "बुडली काय?"

"कशाची बुडते!" सासू नाचलीच. "अर्धीही नाई भरली! पाहा मास्तरीणबाई, पाहा माहा लेक! आता बांध खोली!"

मामंजी मिशीवर हात फिरवू लागले. "वाटी खोटं बोलत नाई. घटकेच्या आत."

आबा उठून बसले. "नाई," म्हणे. "माहे तीस पाढे झाले अन् पुन्हा अकरावर आलो."

"पाढे चुकले असतीन," सासू बोलली.

"आई, मी मास्तर हाय."

त्यांनी वाटी उचलली अन् सूर्याकडे धरली. भोकातून उजेड येईना. त्यांनी माह्याकडे हात केला. "काटा दे."

मी बाभळीचा काटा मोडला. सासू मधात आली. "हात लावू नको! सवाष्णीनं वाह्यलेलं कुंकू हाय ते. नवऱ्यासमोर कुंकू खरवडतं, अवदसा? त्याच्या जीवावर उठली काय?"

आता सांगा. काटा घातला तं मी नवऱ्याचं वाईट चिंतणारी. नाई घातला तं जलमभर त्या घरात. मामंजीही भडकले. "भोक बुजलं म्हणतं? मंग ह्या वाटीवर मी लावलेले सारे लग्नं अवेळी लागले काय? गावात तोंड दाखवू कसं?"

"लग्नात चिमूटभर असते, मामंजी," मी म्हणलं. "आज पोतंभर हाय."

अन् काटा घातला. कुंकवाची पापडी निघाली, खाली उजेड दिसला. सासूनं माह्या तोंडावर घंगाळातलं पाणी फेकलं. थंडगार. मी पुसलं नाई.

आबा म्हणे, "पुन्हा."

"पुन्हा कायले?" मी ओरडली. "पाढ्यांनी सांगितलं ना तुमाले!"

"पाढे माहे हायेत. बाबाले वाटी पाह्यजे. वाटीवरच होऊ द्या."

ते उतरून गेले. पुन्हा लाल फडकं. घंगाळ पुन्हा भरलं, वाटी सोडली. आता पाणी झरझर येऊ लागलं. सासू वाटीले शिव्या देऊन राह्यली होती, "रांडे, हळू भर." मामंजी तिले शिव्या देऊन राह्यले होते. अन् मी? मी कड्यावर उभी राहून खाली वाकून ओरडून राह्यली होती, "ओढा! ओढा! मान खाली घाला, ओढा!" माही खोली मीच घाटात ढकलून राह्यली होती. बाईच्या डोक्यात भुसा असते, दुसरं काय.

वाटी बुडली तव्हा ते खालून चौथ्या वळणावर होते. पाय टेकवला नाई. तसेच आले, सापासारखे वाकडे-तिकडे, अन् आल्यावर पह्यल्यांदा विचारलं, "कुठं होतो मी?"

"खालून चौथ्या वळणावर."

"माहा तिसाचा पाढा तिथंच संपला." ओठाले रक्त आलं होतं, चावलेलं. "बाबा, खोली घेतो."

मामंजींनी वाटी पुसली, फडक्यात बांधली. सासू बोलली. म्हणे, "ने तुह्या नवऱ्याले. माह्या घरातलं एक भांडं भेटणार नाई. अन् तुह्या हातचं पाणी मी मरतानाही घेणार नाई." तिनं शब्द पाळला. पुढं अकरा वर्षं जगली, माह्याशी बोलली नाई. मीही नाई बोलली. रविवारी आबा एकटे घाट उतरत, तिच्या हातचं जेवत अन् चढताना पाढे म्हणत येत. तिसाच्या आत कधी आले का नाई, ते त्यांनी मले सांगितलं नाई, मी विचारलं नाई.

खोली लहान होती. पाय लांब केले तं दाराबाहेर जात. पह्यल्या दिवशी हे शाळेत गेले. मी बाजारातून आणलेला तवा चुलीवर ठेवला अन् पह्यलीच भाकर जाळली. धूर खोलीभर झाला. मी सवयीनं मान खाली घालून उभी राह्यली.

कोणी काही बोललं नाई.

मंग मी दुसरी थापली.