वीजबिलाची वाटणी

कारखान्याच्या फलकावर नवा कागद लागला की काय होतं, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. वाचणारे चार आणि "काय लिहिलंय, काय लिहिलंय?" म्हणून मागून ढकलणारे चाळीस! त्या सोमवारी मात्र कोणी कोणाला ढकलत नव्हतं. प्रवासी बॅगा बनवणारा तो कारखाना. फलकासमोर अस्तर विभागातल्या बायका नुसत्या उभ्या होत्या. जिना चढणारा अकाउंटंट थांबला आणि त्यांच्या खांद्यांवरून वाचू लागला.

'खर्चाच्या सविस्तर अभ्यासावरून असे आढळले आहे की अस्तर विभाग दरमहा दोन लाख नव्वद हजारांच्या तोट्यात आहे. सबब एक तारखेपासून हा विभाग बंद करून काम बाहेरून करून घेण्यात येईल.'

तो अभ्यास त्याचाच होता!

पगार वाटणं, कर भरणं ही कामं कारखान्यात दुसऱ्यांकडे होती. कोणती बॅग कितीला पडते, कोणता विभाग कमावतो, कोणता गमावतो, हे मांडून मालकांपुढे ठेवणं हे याचं काम. मालक त्यावरून ठरवणार. म्हणूनच गेल्या महिन्यात आठ दिवस तो अस्तर विभागात स्टूल टाकून, घड्याळ घेऊन बसला होता. एक अस्तर कापून, चिकटवून, शिवून व्हायला किती मिनिटं लागतात? बायका आधी बिचकल्या. तेव्हा विभागाची प्रमुख म्हणाली होती, "अगं, घाबरताय काय? माझे भाऊजी आहेत. काय असेल ते खरं सांगा." ही प्रमुख म्हणजे त्याची सख्खी वहिनी. मग बायकांनी सगळं सांगितलं. गोंद कुठे वाया जातो, कोणतं माप नेहमी चुकतं, काही म्हणता काही लपवलं नाही.

आता वहिनी सोडून सगळ्याजणी वळून त्याच्याकडे बघत होत्या.

"झालं का मोजून, साहेब?" एकीनं विचारलं.

वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चला गं, एक तारखेपर्यंत तरी काम आहे." आणि सगळ्या आत गेल्या.

तो तडक मॅनेजरच्या खोलीत शिरला. दीड वर्षापूर्वी याच मॅनेजरनं मालकांच्या मागे लागून साच्याचं भलंमोठं यंत्र आणवलं होतं. बॅगांची बाहेरची टणक कवचं त्यात निघत. यंत्र वीज मात्र अशी खाई की विचारू नका!

"साहेब, सहा लाखांचं वीजबिल मी माणसं मोजून सगळ्या विभागांत वाटलं, ते तुम्ही सांगितलंत म्हणून. साठातली छत्तीस माणसं अस्तरात, म्हणून तीन लाख साठ हजार त्यांच्या माथी! पण मी खाली टीप लिहिली होती. ही वाटणी तात्पुरती आहे, यावरून निर्णय घेऊ नये, अशी."

"हो, होती खरी टीप."

"होती म्हणजे?"

"पहिलं पान नव्यानं छापलं. अहो, मालकांना टिपा वाचायला सवड असते का?" मॅनेजर हसला. "आणि एवढं अंगाला काय लावून घेताय? दुसऱ्या पानावर सही तुमचीच आहे की."

पाच वर्षं या माणसासाठी त्यानं रविवार पाहिले नव्हते, सणवार पाहिले नव्हते. आणि या माणसानं त्याचा केसानं गळा कापला, तोही हसत हसत!

संध्याकाळी घरी आला तेव्हा वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा तिच्या शेजारी बसून उगाचच एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत होता. त्यालाही कळलं होतं.

"वहिनी, मला फसवलं गं मॅनेजरनं," तो दारातूनच म्हणाला आणि टिपेचं सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्याला वाटलं, ती आता मॅनेजरला चार शिव्या घालील.

वहिनीनं हातातलं काम थांबवलं. "भाऊजी, एक सांगा. आमच्या विभागात विजेवर काय चालतं?"

"दिवे, पंखे, चार इस्त्र्या."

"आणि साच्याचं यंत्र?"

"ते दिवसरात्र."

"मग बिल माणसं मोजून का वाटलंत? आम्ही माणसं काय वीज पितो?"

"मॅनेजर म्हणाला, सध्या सोपं पडेल तसं करा. खरी वाटणी केली असती तर त्याचं यंत्र तोट्यात दिसलं असतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

दादानं टॉवेल खाली ठेवला.

"मी टीप लिहिली होती गं..."

"टीप!" वहिनीचा आवाज चढला. "वर मोठ्या अक्षरात खोटं मांडायचं आणि खाली बारीक अक्षरात म्हणायचं की खरं मानू नका? अहो, तुमच्या परीक्षेची फी मी याच विभागात जादा वेळ बसून भरली. तेव्हा वाटलं होतं, आपल्या घरात एकजण तरी असा होईल, ज्याच्या कागदाला कोणी नाही म्हणणार नाही. तसा झालातही! तुमचा कागद आला आणि मालकांनी डोळे मिटून मानला. मॅनेजरनं तुम्हाला आज फसवलं, भाऊजी. तुम्ही मला महिन्यापूर्वीच फसवलंत. आणि माझ्या तोंडून पस्तीसजणींना!"

"मी काय करणार होतो? आम्ही सांगतील तसे आकडे मांडणारी माणसं."

"मग घड्याळ घेऊन आठ दिवस बसलात कशाला? सांगतील तेच मांडायचं होतं, तर आमच्याकडून खरं का काढून घेतलंत?"

ती उठून आत गेली. दादा म्हणाला, "जेवून घे," पण तो पानावर बसलाच नाही. मॅनेजरवरचा राग त्याला दिवसभर पुरला होता. आता तो आधारही गेला. बायकांच्या पोटावर पाय आला होता आणि त्या पायात बूट याचाच होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वायरमनला घेऊन कारखानाभर फिरला. प्रत्येक विभागाला वेगळा मीटर होता. बसवल्यापासून त्यांतला एकही कोणी वाचला नव्हता. वायरमननं फडक्यानं धूळ पुसली, यानं आकडे उतरवून घेतले. त्या प्रमाणात बिल वाटून नवा कागद तयार केला, दोन्ही पानांवर सही केली आणि तो थेट मालकांसमोर जाऊन उभा राहिला. मॅनेजर तिथेच बसला होता.

"साहेब, मागचा कागद चुकीचा आहे. अस्तर विभागाची वीज वीस हजारांची आहे, तीन लाख साठ हजारांची नव्हे. तो विभाग महिन्याला पन्नास हजार मिळवून देतो. तोटा साच्याच्या यंत्रात आहे."

"हे सगळं आपलं..." मॅनेजर उसळला.

मालकांनी हातानंच त्याला थांबवलं. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ वाचले. मग चष्मा काढला.

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मॅनेजरसाहेबांना नाही म्हणायला घाबरलो. फायनान्सच्या वरच्या जागेसाठी ते माझं नाव सुचवणार होते."

"ती जागा आता विसरा," मालक म्हणाले. "आणि ती नोटीस आधी काढा."

नोटीस निघाली. मॅनेजरच्या यंत्राची चौकशी लागली. अस्तर विभाग वाचला!

दुपारी तो त्या विभागात गेला. बिल कसं वाटलं होतं, आपण काय जाणून होतो आणि का गप्प बसलो, सगळं उभ्यानं सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण तर म्हणाली, "बरं झालं, साहेब, पण आमचे दोन दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत."

वहिनीनं सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "पुढचा कागद कधी?"

"पाच तारखेला."

"मालकांकडे न्यायच्या आधी इथे वाचून दाखवायचा. मोठ्यानं. आणि प्रत्येक विभागात."

पाच तारखेला त्यानं तो वाचला. अस्तरात वाचला, रंगात वाचला, साच्यात वाचला. साच्यातल्या एका कारागिरानं मध्येच हटकलं, "थांबा, यंत्र बंद पडलं त्या तीन दिवसांचे तास तुम्ही चालू धरलेत." खरंच धरले होते! तिथल्या तिथे त्यानं आकडा सुधारला. यंत्राचा तोटा थोडा कमी झाला आणि कागद खरा झाला.

बंधूंनो, भगिनींनो, तुम्हीआम्हीही कुठे ना कुठे कागदावर सही करतो. कोणाचं काम चांगलं, कोण हवं, कोण नको, हे ठरवणारे कागद! 'वरून सांगितलं' म्हणून आपण हात वर करतो आणि एक बारीक टीप लिहून मनाची समजूत घालतो. तसं करू नका. ज्यांच्या पोटाचा प्रश्न त्या आकड्यात आहे त्यांच्या डोळ्यांत बघून जो आकडा वाचता येत नाही, त्याखाली सही करू नका.

अकाउंटंट आजही दर महिन्याला तसा वाचतो. वहिनी हातातलं काम थांबवून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकते आणि प्रत्येक रकमेला विचारते, "हे कुठून आलं?"

पूर्वी ती विचारत नसे.