‘आ’सुद्धा जड झाला

उमाकांतच्या लंडनच्या मामाने ती रेकॉर्ड पाठवली नसती तर मी अजून गायक असतो. तिच्या एका बाजूला एकच लांबलचक गाणं होतं, तेही जवळपास बिनशब्दांचं. आम्हाला वाटलं, माल सदोष आहे. उमाकांतला वाटलं, आपण सदोष आहोत.

तोवर आमचा बँड जयपुरात चांगला गाजलेला. उमाकांत ऑर्गन वाजवायचा, नीलकंठ ड्रम, मी गायचो. ‘हॅलो चित्रा’ हे आमचंच तीन मिनिटांचं गाणं कॉलेजची पोरं पानाच्या ठेल्यावर गुणगुणायची. खरी चित्रा लग्न होऊन अजमेरला गेली, गाणं इथेच राहिलं.

मग ती रेकॉर्ड आली आणि आमची प्रगती सुरू झाली. झोटवाड्यात ज्या शेडमध्ये सराव चालायचा तिच्या शेजारी खिळ्यांचा कारखाना होता. आधी आम्ही त्याला शिव्या घालायचो. आता उमाकांत त्याचाच ठेका धरायला लागला. कारखान्याला सुट्टी असली की आम्हालाही सुट्टी. गाणी लांबली, शब्द आटले. चार कडव्यांचं एक झालं, कडव्याची ओळ झाली, ओळीचा शेवटी नुसता ‘आ’ उरला.

“जयंत्या, ‘आ’सुद्धा जड होतोय रे,” इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उमाकांत म्हणाला.

“मग मी काय करू?”

“उभा राहा.”

“कुठे?”

“स्टेजवरच. तू हवासच ना. मतलब, दिसायला.”

“गणपती पण तेच करतो,” नीलकंठ म्हणाला. “फक्त त्याला मोदक मिळतात.”

मी हसलो. मनात ठरवलं, उद्या सगळ्यांदेखत पहिली मोकळी जागा दिसली की घुसायचं आणि गायचं. बघू कोण थांबवतो.

मंडळाच्या हॉलमध्ये, गणपतीपुढे, आमचं ते नवं लांबलचक गाणं सुरू झालं. मी माइकसमोर, तोंड किंचित उघडं ठेवून. ऑर्गन खालून चढत गेला, ड्रम मागे राहिले, मग पुढे आले. आता, म्हटलं. तिथे झांज होती. आता! तिथे शांतता होती, पण तीही वाजत होती. हरामखोरांनी शांततासुद्धा बसवून घेतली होती. माझ्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याचाच मला राग आला. जागा नव्हतीच. मी गायलो असतो तर ते बिघडलं असतं.

संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष वसंतराव हातात फुलं धरून बसले होते. ही आरतीची तयारी चाललीय अशी त्यांची समजूत.

“झालं का यंत्र चालू?” त्यांनी उमाकांतला विचारलं. “छान. जयंता, आता ते चित्राचं होऊन जाऊ दे!”

हॉल उसळला. काकू, पोरं, विमा कंपनीचे साहेब, सगळे “चित्रा! चित्रा!” ओरडायला लागले. उमाकांतचा चेहरा पांढराफटक पडला. मी जिंकलो होतो. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मी गायलो. सूर चोख लागला. उमाकांतने साथ केली, एकाच हाताने, एकही चूक न करता. म्हाताऱ्या आत्याला जिन्यावरून उतरवावं तसा तो मला प्रत्येक ओळीच्या शेवटी अलगद आणून सोडत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

“वन्स मोअर!” वसंतराव ओरडले.

उमाकांतने मुकाट्याने सुरुवातीचा सूर दिला. मी तो घेतला.