रोज एक फोटो

धाकटीला शिडाच्या बोटीवर चढवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हतं. जी बाई कित्येक वर्षांत कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेली नव्हती, तिने एकदम आठवडाभर समुद्रात राहायचं, तेही जिथे माणूसकाणूस नाही अशा बेटांच्या आसपास! पण ताईने मनावर घेतलं होतं, आणि ताईने एकदा मनावर घेतलं की समोरच्याचं मन कुणी विचारत नाही. लहानपणी तिने धाकटीला पोहायला शिकवलं ते पाठीत हात घालून विहिरीत ढकलून. साठी उलटली तरी तिची शिकवण्याची पद्धत तीच होती.

"त्या खुर्चीशेजारी बसून बसून तूच एक दिवस खुर्ची होशील," ताई म्हणाली. "चल मुकाट्याने. पैसे भरलेत मी."

खुर्चीत बसायचे ते धाकटीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळं गाव त्यांना चष्मेवाले म्हणायचं. धाकटीही गल्ल्यामागे बसून काचा घासायची, फ्रेमा बसवायची. मग चष्मेवाल्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी किल्ल्या हरवल्या, मग गिऱ्हाइकांचे नंबर, मग दुकानाचा रस्ता, आणि शेवटी धाकटी. आता ते तिला "बाई" म्हणायचे. सकाळ-संध्याकाळ विचारायचे, "बाई, माझी बायको कुठे गेली हो?" आणि धाकटी त्यांच्या अंगातल्या शर्टाची बटणं लावत म्हणायची, "येईल हं. इथेच गेलीय." सुरुवातीला हे म्हणताना तिचा आवाज फुटायचा. पुढे सवय झाली. सवय कशाचीही होते.

एक गोष्ट मात्र तिने कधी सैल होऊ दिली नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी घरी येऊन चष्मेवाले जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तेव्हा डोकं शाबूत होतं. ते म्हणाले, "मी तुला ओळखेनासा झालो तरी मला कुठे नेऊन टाकू नकोस. तेवढा शब्द दे." धाकटीने त्यांच्या हातावर हात ठेवला. ताई तेव्हा ओट्याशी चहा गाळत होती. तिने पदराने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "दिला हो तिने. मी साक्षीला आहे."

तर अशी ही धाकटी. ती निघायला तयार झाली ती मुलाने रजा काढून घरी राहायचं कबूल केलं म्हणून. "आई, मी आहे ना," तो म्हणाला. सूनही म्हणाली, "तुम्ही निर्धास्त जा." तरी धाकटीने अट घातलीच: रोज त्यांचा एक फोटो यायला हवा. तिचा स्वतःचा फोन ताईने घरीच ठेवायला लावला. "खारं पाणी लागलं की गेला कामातून. माझा आहे ना!"

निघायच्या सकाळी तिने त्यांची दाढी केली. दुसऱ्या कुणाचा हात ते चेहऱ्याला लागू देत नसत. ब्लेड बघितलं की मुलावरसुद्धा ओरडायचे. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, ताई जिन्यातून हाका मारत होती, आणि धाकटीचा हात चुकला. हनुवटीवर लाल रेघ उमटली. "बाई, लागलं ना!" चष्मेवाले कळवळले. तिने कापूस दाबून धरला. रस्ताभर ती रेघ तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

बोट बाहेरून राजहंसासारखी आणि आतून मालगाडीच्या डब्याएवढी. बहिणी-बहिणींना मिळून जी खोली मिळाली, तिच्यात एकीने कूस बदलली की दुसरीने उठून बसायचं. सोबत दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर बोलणाऱ्याच्या डोळ्यांऐवजी तोंडात बघायचे, त्यामुळे त्यांच्याशी हसताना सगळेच जरा ओठ मिटून हसत. आणि कप्तान. उन्हाने भाजलेला, कमी बोलणारा, पण समजावून सांगायला लागला की मन लावून सांगणारा.

पहिल्याच बेटाशी नांगर टाकल्यावर त्याने धाकटीला जवळ बोलावलं. "काकू, त्या खडकाचं टोक आणि मागचं वाळकं झाड एका रेषेत दिसतात ना? अधूनमधून बघत राहायचं. रेषा मोडली की समजायचं, नांगर घसरतोय. बोट हलल्याचं बोटीवरच्या माणसाला कळत नाही, त्याला सगळं जागच्या जागीच वाटतं."

हे काम धाकटीला आवडलं. तिला लक्ष ठेवायची सवय होतीच.

आणि मग दुसऱ्या दिवशी गंमतच झाली. वारा भरला, शिडं फुगली, आणि कप्तानाने सुकाणूचं चाक तिच्या हाती दिलं. बोट तिच्या हाताखाली कलली, उसळली, धावायला लागली. धाकटीच्या अंबाड्याची पिन उडाली, केस तोंडावर आले आणि ती हसायला लागली. मोठ्याने, दात दाखवून, डॉक्टरांची पर्वा न करता हसली. ताईने टपकन फोटो काढला. "थांब, पोराला पाठवते. इथे अजून रेंज आहे." त्या रात्री धाकटी सलग झोपली. सकाळी जागी झाली तर आधी तिला आपण कुठे आहोत तेच आठवेना, आणि आठवलं तेव्हा तिला लाज वाटली.

फोटो मात्र रोज मिळत होते. सकाळच्या चहाला ताई फोन पुढे करायची. पहिल्या दिवशी चष्मेवाले खिडकीपाशी, निळ्या शर्टात. मग चौकड्यांच्या शर्टात. मग करड्या स्वेटरमध्ये. गाल कसे गुळगुळीत! पोराला जमलं की दाढी करायला, धाकटीच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला जरा वाईटही वाटलं. आपल्यावाचून अडत नाही हे कळणं कुणाला गोड लागतं?

मग ते सगळ्यात लांबच्या बेटाशी पोहोचले. नुसता काळा खडक, वर पांढरे पक्षी, खाली हिरवं पाणी. चहा घेता घेता ताईने फोन दिला. "हा बघ आजचा. किती छान दिसतायत पांढऱ्या शर्टात."

दुकानात धाकटीने हजारो काचा उजेडासमोर धरून चरे शोधले होते. तिने बोटांनी फोटो मोठा केला, सहजच. हनुवटीवरची लाल रेघ. ओली. तिला एक बारीकसा कापसाचा धागा चिकटलेला, टोकाशी वाकलेला. तिने मागचा फोटो काढला. स्वेटर करडा, पण रेघ ओली आणि धागा वाकलेला. त्याच्या मागचा. तेच. चार कपडे, चार दिवस, आणि जखम खपली धरायला तयार नाही.

दोरी गुंडाळत बसलेल्या कप्तानाला तिने विचारलं, "इथे फोन लागतो का हो?"

"इथे?" कप्तान हसला. "कालपासूनच नाही लागत. मोठ्या बेटाला वळसा घातला की लागेल, परवा. त्यासाठीच तर लोक इथे येतात."

ताईचा कप ओठांशी थांबला.

"ते कुठे आहेत?" धाकटीने विचारलं.

"घरी. कुठे असणार?"

"ताई."

ताई शूर बाई, पण धाकटी त्या स्वरात आयुष्यात कधी बोलली नव्हती. ताईने कप खाली ठेवला. "चांगली जागा आहे गं. स्वच्छ आहे. बाग आहे, दिवस-रात्र माणसं आहेत. तू निघालीस त्याच संध्याकाळी पोराने नेलं. रजा तेवढ्यासाठीच काढली होती. तुला सांगून तू जन्मात तयार झाली नसतीस."

"आणि हे फोटो?"

"त्या सकाळीच काढले. कपडे बदलून बदलून. तू रोज मागितलास म्हणून."

म्हणजे ती टॅक्सीत बसून त्या रेघेसाठी हळहळत होती, तेव्हा तिचा मुलगा बापाला एकेक शर्ट चढवत होता. तेही बिचारे हात वर करत असतील, म्हणतील तसं खिडकीत बसत असतील. धाकटीच्या डोळ्यांपुढे हे आलं आणि तिला वाटलं, कुणीतरी केसाने गळा कापलाय. परक्याने दगा दिला तर माणूस ओरडतो तरी. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तक्रार कुणाकडे नेणार?

"मी शब्द दिला होता," ती म्हणाली. "तू साक्षीला होतीस."

"हो, होते! आणि गेल्या महिन्यात तू चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडलीस तेव्हाही होते मी. दार उघडून आत आले, तर तो माणूस तुला ओलांडून पाणी प्यायला चालला होता. ओलांडून गं! बाई का झोपली म्हणून मलाच विचारत होता. तू आधी गेली असतीस. मग कुणाचा शब्द आणि कुणाचं काय? त्यांना तरी आठवतोय का तो शब्द?"

"मला आठवतोय," धाकटी म्हणाली.

ताई रडायला लागली. एरवी ताई रडली की धाकटी विरघळायची. आज ती उठून कप्तानाकडे गेली आणि म्हणाली, मला परत जायचंय.

कप्तानाने आभाळाकडे पाहिलं. वारा तोंडावर होता, शिडं कामाची नव्हती. इंजिनावर उलटं जायचं तर बोट आपटत जाणार, आणि बाकीच्यांची सहल अर्धीच राहणार. डॉक्टर आणि त्यांची बायको इतका वेळ समुद्राकडे बघायचं नाटक करत बसले होते. एवढ्याशा बोटीत कान कुठे लपवणार? डॉक्टर म्हणाले, "चला की. बेटं काय पळून जातात का?" त्यांच्या बायकोने धाकटीच्या खांद्यावर शाल टाकली. परक्यांनी केलं ते हे एवढं.

परतीची वाट वाईट गेली. बोट लाटांवर चढायची आणि धप्पकन पडायची. भांडायचं तर दोन हातांवर लोक, रडायचं तर तेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात ताईला उलट्या सुरू झाल्या. ती पांढरीफटक होऊन बाकावर पडली, आणि धाकटी आपसूक उठली. बादली धरली, कपाळ धरलं, तोंड पुसलं, पाण्याचा घोट दिला. हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

"बोल ना गं माझ्याशी," ताई पुटपुटली. "हवं तर शिव्या दे."

धाकटीने बादली धुतली आणि परत आणून ठेवली.

धक्क्यावर मुलगा आला होता. वाटेत रेंज आल्याबरोबर ताईने त्याला कळवलं असणार. त्याने सामान घेतलं, आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. "आई, तुझ्यासाठीच केलं गं."

"मला तिथे ने," धाकटी म्हणाली. गाडीत तिने एवढंच विचारलं, "त्यांना काय सांगितलंस? नेताना?"

मुलगा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "सारखे विचारत होते, बायको कुठे गेली. रोज तू सांगतेस तसं म्हटलं, इथेच गेलीय, येईल. ऐकेनात. खूप ओरडले. मग दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन तुझा फोटो दाखवला, ताईमावशीने पाठवलेला. म्हटलं, ती बोटीत फिरायला गेलीय. तेव्हा कुठे गप्प झाले."

जागा खरंच चांगली होती. लांब, उजेडाचा व्हरांडा, फिनेलचा वास, मऊ चपला घातलेल्या मुली. ताई आणि मुलगा दाराशीच थांबले. धाकटी आत गेली.

चष्मेवाले पलंगावर बसले होते. दाढी वाढली होती, पांढरी खुंटं. म्हणजे इथे त्यांनी ती कुणालाच करू दिली नव्हती. हनुवटीवरच्या रेघेवर आता खपली होती. समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला मोठा रंगीत फोटो होता: सुकाणूचं चाक, फुगलेलं शीड, मोकळे केस, आणि दात दाखवून हसणारी धाकटी.

"आलात बाई?" ते म्हणाले. "बसा."

ती शेजारी बसली. त्यांनी तिचा हात ओढून फोटोकडे बोट दाखवलं. किती वर्षांनी त्यांचा आवाज असा स्वच्छ, खात्रीचा आला होता.

"ही माझी बायको. ओळखता का तुम्ही? हिने मला शब्द दिला होता."

नेहमीचं उत्तर तिने कसंबसं वर काढलं. "येईल हं. इथेच गेलीय."

चष्मेवाल्यांनी नजर बारीक केली आणि चष्म्याची काच तपासावी तसा तो फोटो नीट पाहिला.

"नाही हो बाई," ते म्हणाले. "एवढी खुशीत आहे ती. आता कशाला येतेय?"

दाराशी मुलगा म्हणत होता, आई, चल आता, घरी जाऊ. धाकटी उठली. तिने दार आतून लावून घेतलं आणि उशाशी ठेवलेल्या त्यांच्या पिशवीतून दाढीचं सामान काढलं.